राष्ट्रांच्या उदयास्ताचें भाकीत

जगाचा नकाशा भिंतीवर टांगला आणि भूगोलाचा तास सुरू झाला, कीं वर्गांतून एक प्रश्न हमखास येतो: "सर, आणखी पन्नास वर्षांनीं ह्यांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्र कोणतें असेल?" मग कोणी अमेरिकेचें नांव घेतो, कोणी चीनचें, आणि मागल्या बाकावरून आपल्या देशाच्या नांवाचा गजर होतो. मुलांचा हा खेळ आहे, तो चालूं द्यावा, असें मला पूर्वीं वाटत असे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले आणि त्यांनीं तोच प्रश्न निराळ्या तऱ्हेनें विचारला. "गुरुजी, पोराले परदेशात शिकाले धाडाव म्हन्तो. दोन एकर इकाव लागन. पुढं कोन्त्या देशाचा भाव चढन, थे सांगा."

त्यांच्या दृष्टीनें राष्ट्रांचा भाव आणि कापसाचा भाव हे एकाच बाजारांतले होते. मला त्या बोलण्याचें हसूं आलें नाहीं. कारण त्या प्रश्नामागें दोन एकर काळी जमीन उभी होती. मीं त्यांस दोन दिवसांनीं यावयास सांगितलें. त्या दोन दिवसांत जो विचार केला, तोच ह्या लेखांत विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहें.

पुढचें जाणण्याची इच्छा माणसास उपजतच असते, आणि आम्हां वऱ्हाडकरांस तिचें एक उदाहरण घरचेंच आहे. बुलढाणा जिल्ह्यांत, जळगांव जामोद तालुक्यांत, भेंडवळ नांवाचें गांव आहे. तेथें दर वर्षीं अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं शेतांत घट मांडतात. भोंवतीं वर्तुळाकार अठरा प्रकारचीं धान्यें ठेवितात. मध्यें खड्डा करून त्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून मातीचीं चार ढेकळें ठेवितात. त्यांवर पाण्यानें भरलेली घागर, आणि घागरीवर पापड, कुरडई, करंजी इत्यादि पदार्थ. पान-सुपारी हें राजाचें चिन्ह. दुसऱ्या दिवशीं पहांटे कोणतें धान्य हललें, कोणतें ढेकूळ भिजलें, सुपारी जागची ढळली कीं स्थिर राहिली, हें पाहून पिकाचें, पावसाचें आणि राज्यकर्त्याच्या गादीचेंहि भाकीत सांगतात. तें ऐकावयास गांवोगांवचे शेतकरी जमतात.

ह्या प्रथेस शास्त्राचा आधार नाहीं. रात्रीच्या वाऱ्यानें किंवा किड्यामुंग्यांनीं हललेल्या दाण्यावरून देशाचें भवितव्य कळत नाहीं. तथापि जो मनुष्य कर्ज काढून बीं-बियाणें घेणार आहे, त्यास पुढचें थोडें तरी कळावें असें वाटलें तर त्यांत नवल काय? विद्वानांनीं त्याला नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या भाकितांचा जमाखर्च एकदां पाहावा, हें बरें.

तो जमाखर्च फारसा अभिमानास्पद नाहीं. सॅम्युएल्सन हे अमेरिकेंतील अर्थशास्त्राचे मोठे पंडित. त्यांचें पाठ्यपुस्तक जगभर शिकविलें जाई. त्या पुस्तकाच्या १९६१ च्या आवृत्तींत असा अंदाज दिला होता कीं, सोव्हिएट रशियाचें राष्ट्रीय उत्पन्न १९८४ ते १९९७ ह्या काळांत केव्हां तरी अमेरिकेस गांठूं शकेल. १९८० च्या आवृत्तींत ती मुदत पुढें ढकलण्यांत आली. आणि १९९१ च्या डिसेंबरांत सोव्हिएट संघ हें राष्ट्रच नकाशावरून नाहींसें झालें! जपानचीहि गोष्ट अशीच. १९७९ सालीं ‘जपान पहिलें’ अशा अर्थाच्या नांवाचें एक पुस्तक अमेरिकेंत निघालें, आणि पुढील दहा वर्षें जपान सर्व जग विकत घेणार अशी हवा होती. १९८९ च्या अखेरीस टोकियोच्या शेअरबाजाराचा निर्देशांक शिखरास पोहोंचला. तेथून तो घसरला, आणि पुन्हा त्या उंचीवर चढण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. तितक्या काळांत मुलाचा बाप होतो आणि त्याचे केस पांढरे होऊं लागतात.

आपल्या देशाविषयींचें एक भाकीत तर प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलानें लक्षांत ठेवावें असें आहे. विल्यम आणि पॉल पॅडॉक ह्या दोघां अमेरिकन बंधूंनीं १९६७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७५ पर्यंत जगांत मोठा दुष्काळ पडेल, आणि हिंदुस्थान हें राष्ट्र इतकें पुढें गेलें आहे कीं त्यास धान्य पाठविणें व्यर्थ होय, तें वांचणार नाहीं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्या वेळीं आपला देश अवर्षणानें खरोखर गांजला होता व अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, हें खरें. परंतु १९७५ साल आलें आणि गेलें. सुधारलेलें बियाणें, पाटबंधारे, खतें आणि शेतकऱ्याचे कष्ट यांच्या जोरावर देश अन्नधान्यांत स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

इतके शहाणे लोक इतके कसे चुकले? कारण अगदीं साधें आहे, आणि तें समजण्यास आम्हांस दूर जावयास नको. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास पाहिला म्हणजे पुरे. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्यें यादवी युद्ध जुंपलें. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या दक्षिण अमेरिकन संस्थानांच्या कापसावर चालत. तो कापूस बंद पडतांच त्या गिरण्यांनीं हिंदुस्थानाकडे धांव घेतली. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचे भाग लोक वाटेल त्या किंमतीस घेऊं लागले. हें वैभव आतां कायमचें, असेंच सर्वांस वाटत होतें. १८६५ च्या वसंत ऋतूंत अमेरिकेंतील युद्ध संपलें. भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. आज रेघ वर चढत आहे म्हणून ती उद्यांहि वरच चढेल, असें ज्यांनीं मानलें ते बुडाले. राष्ट्रांविषयींचीं बहुतेक भाकितें ह्याच चुकीनें फसतात. चालू भाव हाच कायमचा भाव, असें समजणें म्हणजे नदीला पूर आलेला पाहून बारमाही पाण्याचा हिशेब करणें होय.

आतां हीच गोष्ट राज्यांच्या बाबतींत कशी घडते तें पाहूं. त्यासाठीं मराठ्यांच्या राज्याइतकें उद्बोधक उदाहरण दुसरें नाहीं. शिवाय त्याच्या शेवटच्या प्रकरणांतील एक पान आमच्याच भूमींत लिहिलें गेलें आहे. एखादा ज्योतिषी चार निरनिराळ्या वर्षीं मराठ्यांचें भविष्य वर्तवावयास बसला आहे, अशी कल्पना करा.

पहिलें वर्ष १६८९. संभाजी महाराजांचा वध झाला आहे. रायगड मोगलांच्या हातीं गेला आहे. येसूबाई आणि बाळ शाहू कैदेंत आहेत. राजाराम महाराज दूर जिंजीस निघून गेले आहेत. आणि औरंगजेब बादशहा अफाट सैन्य घेऊन दक्षिणेंत तळ देऊन बसला आहे. ज्योतिषी सांगेल: मराठ्यांचें राज्य संपलें. प्रत्यक्षांत १७०७ सालीं औरंगजेबच अहमदनगरास निवर्तला, आणि १७१९ सालीं मराठ्यांची फौज दिल्लीस जाऊन चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परत आली.

दुसरें वर्ष १७६०. दोन वर्षांपूर्वीं मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले आहेत. फेब्रुवारींत उदगीरला निजामाचा पराभव झाला आहे. ज्योतिषी सांगेल: अवघा हिंदुस्थान आतां ह्यांचाच. वर्षाच्या आंत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर एक पिढीच्या पिढी कापली गेली.

तिसरें वर्ष त्यापुढचेंच, म्हणजे १७६१. ज्योतिषी मान हलवून सांगेल: आतां मात्र संपलें. परंतु दहा वर्षांतच मराठे पुन्हा दिल्लींत होते, आणि १७७२ च्या आरंभीं माहादजी शिंद्यांच्या पाठबळानें शहाआलम बादशहा आपल्या राजधानींत परतला.

चौथें वर्ष १७९५. खर्ड्याच्या लढाईंत सर्व मराठे सरदार एका निशाणाखालीं लढले आणि निजामास शरण यावें लागलें. ज्योतिषी सांगेल: पाया पुन्हा घट्ट झाला. ह्या भाकितास नऊ वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच तें खोटें ठरलें; आणि तें कोठें खोटें ठरलें तें पाहण्यास आपणांस दर्यापुराहून फार दूर जावयास नको. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंदे व भोंसले यांच्या फौजांचा जनरल वेलस्ली यानें पराभव केला. २९ नोव्हेंबरास अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानावर दुसरा पराभव झाला. तेथून इंग्रज फौज सातपुड्याच्या रांगेवरील गाविलगडाकडे वळली.

गाविलगड ज्यांनीं पाहिला असेल त्यांस त्याची मजबुती सांगावयास नको. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ च्या सुमारास तो बांधविला. तिन्ही बाजूंस तुटलेले कडे, आणि दुहेरी तटबंदी. इंग्रजांनीं अवजड तोफा डोंगरांतून वाटा पाडीत उत्तरेच्या बाजूस नेल्या, कारण तेवढीच बाजू चढण्याजोगी होती. तीन दिवसांत बाहेरच्या तटास खिंडार पडलें आणि १५ डिसेंबर १८०३ रोजीं किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां मारला गेला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला; नागपूरकर भोंसल्यांच्या हातून कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, आणि आपलें वऱ्हाड निजामाकडे आलें.

आमच्या ज्योतिष्याच्या हातून काय निसटलें? १६८९ सालीं त्यानें राजधानी पाहिली, पण रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारखे पुरुष आणि त्यांच्या मागें उभी असलेली रयत पाहिली नाहीं. १७६० सालीं त्यानें झेंडा कोठवर पोहोंचला तें पाहिलें, पण तो झेंडा धरणाऱ्यांमागें खजिना किती आणि उत्तरेंत मित्र किती, हें पाहिलें नाहीं. १७९५ सालीं त्यानें एका दिवसाची एकी पाहिली. परंतु माहादजी आदल्याच वर्षीं वारले होते; त्याच वर्षाच्या अखेरीस तरुण पेशवा सवाई माधवराव गेला; १८०० सालीं नाना फडणीस गेले; आणि ह्या माणसांबरोबर राज्याची घडीहि विसकटली. १८०३ सालीं शिंदे-भोंसले लढत असतां होळकर स्वस्थ बसले. पुढच्या वर्षीं होळकर लढले तेव्हां ते एकटे होते. गाविलगडाचे कडे १८०३ सालीं होते तितकेच उंच आजहि आहेत. कड्यांनीं राज्य राखलें असतें तर तें गेलेंच नसतें.

तर मग पुढचें कांहींच कळत नाहीं, असें म्हणावें काय? तसें नाहीं. तॉकव्हील नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें १८३५ सालीं लिहून ठेविलें कीं, अमेरिका आणि रशिया हीं दोन राष्ट्रें एके दिवशीं जगाचें भवितव्य आपल्या हातीं घेतील. तेव्हां सर्व जगावर इंग्लंडचा व युरोपांतील राजेरजवाड्यांचा दरारा होता. तरी शंभर-सवाशें वर्षांनीं तें भाकीत खरें ठरलें. त्यानें दरबारांचा झगझगाट पाहिला नाहीं. जमीन किती, माणसें किती वाढत आहेत, लोक आपला कारभार कसा चालवितात, हें तो पाहत होता. म्हणजे कोणतें राष्ट्र कोणत्या वर्षीं वर येईल हें सांगणें माणसाच्या हातीं नसलें, तरी राष्ट्र कशानें वर येतें व कशानें खचतें हें पुष्कळ अंशीं सांगतां येतें. ह्या परीक्षा कोणत्या, त्या आतां क्रमानें पाहूं.

पहिली परीक्षा कर्जाची. थोरल्या बाजीरावानें ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानें आपला जीव कसा मेटाकुटीस आला आहे, हें वाचून आजहि वाचकाचें मन द्रवतें. माधवराव पेशव्यानें मरणापूर्वीं जी व्यवस्था लिहवून ठेविली, तींत राज्याचें कर्ज फेडण्याची तजवीज होती. कर्ज इंग्रजांच्या कंपनीनेंहि काढलें होतें. पण तिचें व्याज वेळेवर पोहोंचे, म्हणून तिला हवा तेव्हां पैसा मिळे आणि तिच्या शिपायास पगार मिळे. मराठी फौजांचा पगार महिनेच्या महिने थकत असे. ज्याची साख गेली त्याची तलवारहि बोथट होते. पुढें हीच पाळी इंग्लंडावर आली. दोन महायुद्धांनीं त्याचा खजिना इतका रिता केला कीं, १९४६ सालीं त्यास अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर कर्ज घ्यावें लागलें, आणि त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या डिसेंबरांत फिटला. ऋणको झालेलें साम्राज्य मग फार दिवस टिकलें नाहीं. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें गाडगे महाराजांचें बालपण मामांच्या घरीं गेलें. त्या मामांची जमीन सावकाराच्या घशांत गेलेली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि जन्मभर गांवोगांव ते सांगत फिरले कीं कर्ज काढून सण करूं नका. विहिरीसाठीं काढलेलें कर्ज आणि लग्नाच्या मिरवणुकीसाठीं काढलेलें कर्ज, ह्यांतील भेद घरास लागू आहे तसाच साम्राज्यासहि लागू आहे.

दुसरी परीक्षा विद्येची. माहादजी शिंद्यांनीं दूरदृष्टीनें डी बॉयन ह्या युरोपियन सेनानीच्या हाताखालीं कवायती पलटणी तयार केल्या व उत्तम तोफाहि बाळगल्या. परंतु ती विद्या बहुतांशीं पगारी परक्यांच्या डोक्यांत राहिली. आपल्या मुलांस ती शिकविण्याच्या शाळा निघाल्या नाहींत. १८०३ सालीं युद्ध सुरू होतांच शिंद्यांच्या नोकरींतील पुष्कळ युरोपियन अंमलदार सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर विद्याहि गेली. तोफ विकत मिळते. तोफ ओतण्याचें ज्ञान शिकावें लागतें. उलट पक्षीं जपानकडे पाहा. १८७२ सालीं त्यानें सर्व मुलामुलींसाठीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि एका पिढींत तें राष्ट्र ओळखूं येईनासें झालें. दक्षिण कोरिया १९६० च्या सुमारास जगांतील दरिद्री राष्ट्रांत गणला जाई. त्याच्यापाशीं खनिजसंपत्ति थोडीच होती. त्यानें शाळा आणि कारखाने यांवर भर दिला, आणि आज त्याचीं जहाजें व यंत्रें जगभर जातात.

ह्या परीक्षेचा धडा कापसानेंहि दिला आहे. बनोसा स्थानकावरून जी अरुंद रुळांची गाडी अचलपूर-मूर्तिजापूर अशी धांवे, आणि जिला लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत, ती मुख्यतः कापूस वाहण्यासाठींच इंग्रजी कंपनीनें घातली. रुई बाहेर जाई आणि कापड घरीं येई; मधला नफा लँकेशायरास मिळे. जमशेटजी टाटांनीं हें ओळखून १ जानेवारी १८७७ रोजीं कापसाच्या मुलखांत, नागपुरास, एम्प्रेस मिल सुरू केली. तरी १९१३ सालीं इंग्लंड वर्षास सुमारें सात अब्ज यार्ड सुती कापड परदेशीं पाठवीत होतें, आणि लँकेशायर बुडेल असें म्हणणारास त्या वेळीं लोकांनीं वेडा ठरविलें असतें. पंचवीस वर्षांत त्या व्यापाराचा चौथा हिस्साहि उरला नाहीं. जपान व हिंदुस्थान आपलें कापड आपण विणूं लागले, आणि लँकेशायरचे मालक आजोबांच्या वेळचीं यंत्रें सोडावयास तयार नव्हते. यश मिळाल्यावर शिकणें थांबलें, कीं ऱ्हासाचें बीज पडलें असें समजावें.

तिसरी परीक्षा माणसांची. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटूं लागली, आणि २०२३ सालीं, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें, आपल्या देशानें चीनला मागें टाकलें. तरुणांची संख्या मोठी असणें हें भाग्य खरें. परंतु नुसती डोकीं मोजून बळ कळत नाहीं. मॅडिसन ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या हिशेबाप्रमाणें १७०० सालीं जगांतील एकूण उत्पन्नांत हिंदुस्थानचा वांटा सुमारें चोवीस टक्के होता. १९५० सालीं तो सुमारें चार टक्के उरला. ह्या अडीचशें वर्षांत आपलीं माणसें कमी झालीं नव्हतीं, तर वाढलीं होतीं. पण जगांत यंत्रयुग आलें, परसत्तेनें आपल्या धंद्यांवर घाला घातला, आणि आम्हींहि निम्म्याहून अधिक लोकांस, म्हणजे सर्व स्त्रियांस आणि अस्पृश्य व कष्टकरी बांधवांस, विद्येच्या दाराबाहेर उभें केलें होतें. ज्या घरांत दहा माणसें आहेत आणि आठांचे हात बांधलेले आहेत, तें घर दहा माणसांचें नव्हे, दोघांचेंच.

चौथी परीक्षा सत्य ऐकण्याच्या शक्तीची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत कठीण आहे. २६ एप्रिल १९८६ रोजीं सोव्हिएट संघांतील चेर्नोबिलच्या अणुशक्तिकेंद्रांत भयंकर स्फोट झाला. सरकारनें तो लपविला. विषारी किरणांची वार्ता दूरच्या स्वीडन देशांतील केंद्रांत प्रथम लागली, तेव्हां दोन दिवसांनीं मॉस्कोनें तोंड उघडलें. जें राज्य आपल्या घरची आग शेजाऱ्याकडून ऐकतें, त्याच्या तोफा व अंतरिक्षयानें मोजून काय उपयोग? पांच वर्षांत तें राज्य गेलें. आपल्याकडे १८४८ सालीं लोकहितवादींनीं ‘प्रभाकर’ पत्रांतून आपल्याच समाजाचे दोष कठोर शब्दांत सांगण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. त्या काळीं देशाची स्थिति अत्यंत हीन होती. तरीहि आपले दोष पाहणारे व ते दूर करणारे लोक निघाले, हीच त्याच्या पुढील उदयाची पहिली खूण होती.

येथें पवित्र शास्त्रांतील योना संदेष्ट्याची कथा आठवते. चाळीस दिवसांत निनवे शहराचा नाश होईल, असें त्यानें रस्त्यांतून ओरडून सांगितलें. लोकांनीं तें ऐकलें, राजापासून रंकापर्यंत सर्वांनीं आपली वाट बदलली, आणि शहर वांचलें. योना मात्र रुष्ट झाला. कारण त्याचें भाकीत खोटें पडलें! परंतु तें खोटें पडावें हाच त्याचा हेतु होता. राष्ट्राविषयींचें भाकीत आणि ग्रहणाचें भाकीत ह्यांत हाच भेद आहे. ग्रहण सांगितल्यानें सूर्यचंद्र आपली वाट बदलीत नाहींत. माणसें बदलूं शकतात. पॅडॉक बंधूंनीं हिशेबांत पाऊस धरला, धान्य धरलें, तोंडें धरलीं. माणूस शिकतो व बदलतो, एवढें मात्र धरलें नाहीं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटना समितींत भाषण करतांना हाच प्रश्न उभा केला होता. हिंदुस्थान पूर्वीं स्वतंत्र होता व त्यानें स्वातंत्र्य गमावलें. तो तें दुसऱ्यांदा गमावील काय? पूर्वीं तें आपल्याच लोकांच्या फितुरीनें गेलें, ह्याची त्यांनीं इतिहासांतील उदाहरणें देऊन आठवण करून दिली, आणि राजकारणांत समता पण समाजांत विषमता अशी विसंगति फार काळ चालली तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल असें बजाविलें. तें ज्योतिष्याचें भाकीत नव्हतें. तो वडीलधाऱ्यानें दिलेला इशारा होता. तो खोटा ठरविणें हें प्रत्येक पिढीचें काम आहे, आणि आतां तें ह्या वर्गांत बसलेल्या मुलांकडे येत आहे.

दोन दिवसांनीं ते गृहस्थ ठरल्याप्रमाणें आले. मीं त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, कोणत्या देशाचा भाव चढेल हें मला कळत नाहीं, आणि जो मनुष्य तें छातीठोकपणें सांगेल त्याच्यावर विसंबून जमीन विकूं नये. मुलाला गणित नीट येतें काय, एखादें यंत्र उघडून दुरुस्त करतां येतें काय, एक परकी भाषा मन लावून शिकण्याची त्याची तयारी आहे काय, आणि चूक दाखविली असतां तो रागावतो कीं सुधारतो, हें आधीं पाहावें. हे गुण असले तर जें राष्ट्र वर येईल त्यांत त्याला जागा मिळेल, आणि आपल्याच देशांत राहिला तर देश वर येण्यास त्याचा हातभार लागेल. हे गुण नसले तर सर्वांत बलाढ्य राष्ट्रांतहि तो परकाच राहील. तूर्त इथल्याच महाविद्यालयांत पहिलीं तीन वर्षें काढावींत. पुढें शिष्यवृत्ति मिळाली तर जाण्याचा विचार करावा.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे गुरुजी, देशाचा भाव पाहाचा नाई, बियानं पाहाचं." इतक्या थोडक्या शब्दांत मला तें सांगतां आलें नसतें. त्यांचे दोन एकर आज त्यांच्याच नांवावर आहेत आणि मुलगा अमरावतीस शिकत आहे. पुढें त्याचें काय होईल, तें मी सांगत नाहीं. तें त्याच्या स्वाधीन आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं नकाशासमोर उभे राहून तुम्ही विचाराल कीं पहिलें राष्ट्र कोणतें होणार, तेव्हां मी तुम्हांस उलट चार प्रश्न विचारणार आहें: त्याचें कर्ज कशासाठीं आहे? त्याच्या मुलींच्या शाळा कशा आहेत? त्याच्या किती लोकांचे हात मोकळे आहेत? आणि त्यास आपली चूक ऐकून घेतां येते काय? त्याच बैठकींत हेच चार प्रश्न आपल्या देशाविषयीं, आपल्या गांवाविषयीं, आणि मग स्वतःविषयींहि विचारून पाहा. उत्तरें कदाचित् गोड लागणार नाहींत. परंतु उपयोग त्यांचाच होईल.